जायफळाचे वळसे

मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः कुणावर चटकन ठेवत नाही. मी सहाण आहे, कासार आंबोलीच्या रंभाबाईंची. काळ्या पाषाणाची, तीन बुटक्या पायांची, उगाळून उगाळून मध्ये खोलगट झालेली. देवघरात असते ती माझी बहीण. तिच्या वाट्याला चंदन आलं. माझ्या वाट्याला हळकुंड, वेखंड, बाळहिरडा आणि रडकी पोरं.

मला एका पाथरवटानं पौडच्या बाजारात बसून घडवलं. रंभाबाईंच्या रुखवतात मी या घरी आले आणि पहिल्या बाळंतपणापासून कामाला लागले. पुढे रंभाबाईंच्या हाताला गुण आहे असं गाव म्हणू लागलं. कुणाचं तान्हं किरकिर करू लागलं की आया त्याला घेऊन आमच्या ओसरीवर यायच्या. रंभाबाई मला धुऊन पुढे ओढायच्या, माझ्यावर थोडं दूध घ्यायच्या आणि मोजून वळसे द्यायच्या. मायफळाचे इतके, हळकुंडाचे तितके. आमच्यात औषध असंच मोजतात. जायफळाला मात्र त्यांचा हात फार आखडता असे. अर्धा वळसा झाला की जायफळ बाजूला. "लेकरू निजलं पायजे, गुंगलं न्हाई पायजे," असं त्या नव्या आयांना बजावत. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

मग बाटल्या आल्या. हिरव्या, पिवळ्या, केशरी. आया ओसरीवर यायच्या थांबल्या. रंभाबाईंनी वर मजला चढवला, भाडेकरू ठेवले आणि माझी रवानगी जिन्याच्या दाराशी झाली. वारा सुटला की ते दार आपटायचं, ते अडवायला मी. ज्या पाठीवर पोरांची औषधं उगाळली गेली तिला लोक चपलेनं सरकवू लागले. वाईट वाटायचं, ते लपवून काय करू? पण दाराशी बसून कोण येतं, कोण जातं, पिशवीत काय नेतं, हे सगळं दिसायला लागलं. जमिनीचे दलाल गोड बोलत आत यायचे आणि बाहेर पडताना एकमेकांना डोळे घालायचे. असं रोज बघितलं की दगडाचाही स्वभाव संशयी होतो.

वरचे भाडेकरू परभणीकडचे. शैलेश हिंजवडीला ऑफिसात जायचा. हेमलता घरूनच काम करायची, कानाला ते काळं यंत्र लावून भिंतीशी बोलल्यासारखी बोलायची. त्यांची मुलगी मृण्मयी पहिलीत होती. जिना उतरताना ती शेवटच्या पायरीवरून उडी मारायची आणि मला हात लावून जायची. का, ते तिचं तिला माहीत. मला बरं वाटायचं. पण पोरगी सारखी आजारी. तोंड उघडं टाकून झोपायची, तिचं घोरणं खालपर्यंत ऐकू यायचं. दर थोड्या दिवसांनी घसा सुजायचा, ताप चढायचा. शेवटी पुण्याच्या डॉक्टर नलिनीबाईंनी सांगितलं की टॉन्सिल काढून टाकू.

ऑपरेशन झालं आणि पोरगी घरी आली. बापाच्या खांद्यावर मान टाकून जिना चढली. त्या दिवशी उडी नाही आणि मला हातही नाही. तिच्या मागून हेमलता आली, तिच्या हातात पिशवी, आणि पिशवीतून एक गुलाबी बाटली डोकावत होती. बघताक्षणी मला ती आवडली नाही. औषधाला एवढा गोड रंग कशाला लागतो?

रंभाबाई कमरेवर हात ठेवून हेच बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दारापासून उचललं, धुतलं, पदराखाली घेतलं आणि वर नेलं. दारानं मागे धाडकन आवाज केला. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला कामासाठी उचललं होतं. माझा ऊर भरून आला आणि त्याच वेळी मनात आलं, पदराखाली का?

वर रोज लढाई चाललेली. बाटलीसोबत प्लास्टिकची बिनसुईची पिचकारी होती. हेमलता पोरीच्या वजनाप्रमाणे औषध त्यात ओढायची आणि तिच्या गालात सोडायची. निम्मं आत जायचं, निम्मं हनुवटीवरून गळ्यात. एकदा हेमलतानं ते दुधात मिसळलं. पोरीनं दुधाचा वास घेतला आणि पेला दूर सारला. त्यानंतर तिचा दुधावरचा विश्वास गेला, पाण्यावरचा गेला आणि आईवरचाही थोडा गेला. पेला पुढे आला की ती आधी आईच्या तोंडाकडे बघायची.

"दुखो न दुखो, औषध वेळेवर द्यायचं, असं डॉक्टर म्हणाल्यात," हेमलता सांगत होती. "आणि थंड भरपूर पाजायचं. आइस्क्रीमसुद्धा चालतं."

"आइसक्रीम?" रंभाबाई म्हणाल्या. "अगं, घसा कापलाय का पोळलाय? थंड म्हंजे घशाचा वैरी. आन् ही विंग्रजी औषधं लई गरम पडत्यात, हेमा. पोट जाळत्यात."

"काकू, प्लीज."

"म्या काय म्हनत न्हाई बाई. तुजं लेकरू, तू बघ."

असं म्हणून त्या पोरीच्या उशाशी बसल्या. दुपारी हेमलताच्या मीटिंगा असायच्या. ती बाहेरच्या खोलीत दार लोटून बसायची आणि पोरगी रंभाबाईंच्या ताब्यात. तीन-चार दिवस दुखणं उतरण्याऐवजी चढत जाईल, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, पण घरी येण्याच्या गडबडीत ते कुणाच्या डोक्यात राहिलं नव्हतं. त्यामुळे पोरगी कान धरून कण्हायला लागली तेव्हा सगळेच दचकले. घसा कापला तर कान का दुखावा? हेमलताला हॉस्पिटलचा संशय आला. रंभाबाईंना बाटलीचा आला. मलाही बाटलीचाच आला, कारण आम्हां दोघींचं जुनं वैर.

तोवर रंभाबाई मला रोज पदराखालीच वर आणून परत नेत होत्या; त्या दुपारी त्यांनी मला बाहेर काढलं. खिडकीत, पडद्याआड ठेवलं. कनवटीचं जायफळ काढलं, माझ्यावर साखरेचं पाणी टाकलं आणि उगाळू लागल्या.

अर्धा वळसा झाला. एक झाला. त्यांचा हात थांबेना.

खोटं कशाला बोलू, तो वास पाठीवर पसरला तेव्हा मला तरुण झाल्यासारखं वाटलं. पोरीनं आजीच्या बोटावरचं चाटण मुकाट्यानं चाटलं. थोड्या वेळानं तिचं कण्हणं थांबलं, हात कानावरून गळून पडला आणि ती झोपली. रंभाबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते. "निज माजे बाय," त्या पुटपुटल्या. या बाईनं त्या पोरीवर जीव लावला होता, यात मला कधीच शंका आली नाही. बाकी सगळ्यात आली.

हेमलता मीटिंग संपवून आत आली. पोरगी शांत झोपलेली. औषधाची वेळ झाली होती. "झोपलीये तर झोपू दे, कशाला उठवायचं?" असं म्हणून तिनं पिचकारी ठेवून दिली. घरोघरी आया असंच म्हणतात. तुमचीही म्हणत असेल.

इथूनच गुंता सुरू झाला. झोपेत औषध चुकलं. औषध चुकलं म्हणून जाग येताच दुखणं दुप्पट होऊन आलं. दुखलं म्हणून पोरगी थुंकीही गिळेना, मग पाणी कुठलं? घसा कोरडा पडला आणि आणखी दुखला. ती रडली की दुपारी पुन्हा मी पडद्याआड, पुन्हा जायफळ, आणि कालच्यापेक्षा दोन वळसे जास्त.

पोरगी दिवसाही पेंगायला लागली. हाक मारली की डोळे उघडायची आणि मिटून घ्यायची. हेमलता घाबरली. तिनं बाटली उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली.

"अरे, ही सारखी झोपतेय," ती फोनवर शैलेशला सांगत होती. "डोस जास्त होतोय का?"

"बहुतेक. स्ट्राँग असेल," शैलेशचा आवाज आला. "अर्धा करून बघ. मी संध्याकाळी येतो, मग ठरवू."

डॉक्टरांना विचारावं हे दोघांनाही सुचलं नाही. नवराबायकोनं मिळून औषध अर्धं केलं. उशाशी बसलेल्या रंभाबाईंनी हे ऐकलं आणि समाधानानं मान हलवली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच.

आता मला चैन पडेना. सगळं घर बाटलीकडे बघत होतं आणि पडद्याआड माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. माझ्या पाठीवर इतकी मुलं निजली होती, पण ती भूक लागताच टाहो फोडून उठायची. ही उठत नव्हती. तिचे ओठ पापड झाले होते. रंभाबाईंचं ते वाक्य मला रोज आठवायचं, आणि ज्या बाईनं ते म्हटलं तीच वळसे वाढवत होती. बाटलीवरचा माझा संशय फिरला आणि सरळ माझ्याच पाठीवर येऊन बसला. पण दगडाला कसली वाचा?

त्या दुपारी हेमलता मीटिंग मध्येच सोडून आत आली. "काकू, ही सकाळपासून शूला गेलीये का?"

रंभाबाई आठवू लागल्या. "न्हाई गं. कालच काय ती गेली असंल."

हेमलतानं पोरीला उठवून बसवलं. मान एका बाजूला कलली. तिनं हॉस्पिटलला फोन लावला आणि आवाज मोठा केला. डॉक्टर नलिनीबाई स्वतः फोनवर आल्या. तोंडातून रक्त येतंय का, श्वास कसा चाललाय, हाक मारल्यावर बघते का, हे त्यांनी भराभर विचारलं. मग म्हणाल्या, "ताबडतोब घेऊन या. मला एक सांगा, आमच्या औषधाशिवाय आणखी काही दिलंय? काढा, चाटण, काहीही?"

"नाही मॅडम," हेमलता म्हणाली. "काहीच नाही."

मी रंभाबाईंकडे बघत होते. त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? मला पदराखाली घेऊन त्या जिना उतरल्या असत्या, मी पुन्हा दाराशी बसले असते आणि सगळा दोष बाटलीच्या माथी गेला असता. त्यांच्या हाताचा गुण शाबूत राहिला असता. मला वाटलं त्या गप्पच राहणार. माणसांचा मला तेवढाच अनुभव.

त्यांनी पडदा सारला, मला दोन्ही हातांनी उचललं आणि हेमलताच्या पुढ्यात, फोनशेजारी ठेवलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "दिलंय. म्या दिलंय, जायफळ."

हेमलतानं माझ्याकडे बघितलं. पाठीवरचा तपकिरी ओला डाग बघितला. मग तिनं रंभाबाईंकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी दलालांवरही कधी टाकली नव्हती.

"किती दिलं?" फोनमधून डॉक्टर विचारत होत्या.

"आज पाच वळसं. काल तीन."

"वळसे म्हणजे किती?"

वळसा चमच्यात मावत नाही आणि वजनकाट्यावर चढत नाही. "तो दगड आणि जायफळ सोबत घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या.

अशी मी हॉस्पिटलात गेले. रंभाबाईंचा मुलगा इंद्रजित जीप चालवत होता. मागे हेमलता पोरीला घट्ट धरून बसली होती, तिला जागी ठेवायला सारखी नावानं हाक मारत होती आणि रंभाबाईंशी अवाक्षर बोलत नव्हती. मी रंभाबाईंच्या मांडीवर.

मृण्मयीच्या हाताला सलाइन लागलं. बोटाला एक चिमटा लावला, त्यावर तिचा श्वास कसा चाललाय ते कळत होतं. मग डॉक्टरांनी रंभाबाईंना शेजारच्या टेबलाशी बसवलं. "दाखवा. अगदी दिलंत तसंच."

रंभाबाईंनी जायफळ धरलं. ज्या हातानं गावाची पोरं निजवली, त्याच हातानं माझ्या पाठीवर पाच वळसे मोजून दिले. डॉक्टरांनी खाली जमलेला गंध चमच्यावर घेऊन बघितला, नाकाशी नेला. "एवढ्यानं ती यातून सहज बाहेर येईल," त्या म्हणाल्या. "पण आज इथेच राहील, माझ्या नजरेखाली. आजी, तुम्ही सांगितलंत म्हणून मला कुठे बघायचं ते कळलं."

"दुखत हुतं वं तिला," रंभाबाई म्हणाल्या. "मला बघवना. निजली की बरं वाटायचं."

"तुम्हाला बरं वाटायचं. तिचं दुखणं तिथंच होतं. झोपवणं वेगळं आणि दुखणं थांबवणं वेगळं." मग डॉक्टर हेमलताकडे वळल्या. तिचीही सुटका नव्हती. "आणि तुम्ही औषध अर्धं केलंत. मला एक फोन करायचा होता. दुखणं डोक्यावर बसल्यावर औषधाला त्याच्यामागे पळावं लागतं. ते आधीच दारात उभं पाहिजे. म्हणून घड्याळ बघून द्यायचं, झोपली असली तरी उठवून द्यायचं. कान दुखतो तो घशामुळेच. घशातले पांढरे चट्टेही दिसतील, त्यांना घाबरायचं नाही. लाल रक्त दिसलं तर मात्र एक क्षण थांबायचं नाही."

औषध उभं पाहिजे दारात. मी इतकी वर्षं दारात बसले होते, हे मला लगेच समजलं. बाटलीकडे मी पहिल्यांदा जरा नीट बघितलं. आवडली नाही, पण समजली.

संध्याकाळी पोरगी पुरती जागी झाली. शैलेश येऊन बसला होता. नर्सनं आइस्क्रीमचा कप आणला. रंभाबाईंचा जीव वरखाली झाला, पण त्यांनी कप अडवला नाही. पोरीनं पहिला चमचा जिभेवर धरला, डोळे मिटले, गिळला. चेहरा कसनुसा झाला. मग तिनं पुन्हा तोंड उघडलं. रंभाबाई भिंतीकडे तोंड करून पदरानं डोळे पुसत राहिल्या.

मित्रांनो, गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण एकदा संशय शिरला की तो भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा, निघता निघत नाही. घरी आल्यावर हेमलतानं मला परत केलं नाही. "ही इथेच राहील," ती म्हणाली आणि मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं, बाटलीच्या अगदी शेजारी. तिनं दुपारच्या मीटिंगा बंद केल्या. जिन्याचं दार आतून लावलं. खालून रंभाबाईंच्या बांगड्यांचा आवाज आला तरी तिचे कान टवकारायचे. तिला दोष कसा देऊ? मीही तेच केलं असतं.

बोललं की पोरीचा घसा दुखायचा. म्हणून ती खडूनं माझ्या पाठीवर चेहरे काढू लागली. रडका, बरा, हसरा. औषध घड्याळ बघूनच मिळायचं, पण हेमलता दर वेळी चेहरा बघायची. रडका दिसला की पाणी घोट-घोट, औषधानंतर थोडं थांबून मग जेवण. पिचकारी आता पोरगी स्वतः दाबायची. आई आधी दाखवायची, यात औषध आहे, यात नुसतं दूध आहे. दुधावरचा विश्वास हळूहळू परत आला. जायफळाचा डाग खडूखाली दिसेनासा झाला.

एका सकाळी औषध झालं होतं, पाणी झालं होतं, तरी माझ्यावर रडका चेहरा निघाला. हेमलतानं घशाकडे बोट केलं. पोरीनं मान हलवली. कान? नाही. मग पोरीनं बोट खाली, जमिनीकडे केलं, जिन्याच्या दिशेला.

हेमलतानं उठून दार उघडलं आणि हाक मारली, "काकू."

रंभाबाई वर आल्या त्या हातात वाटी घेऊनच. जणू रोज तयार ठेवत असाव्यात. कोळवणच्या तांदळाचा मऊ भात, दुधात कालवलेला आणि पार निववलेला. हेमलतानं वाटी घेतली, चमचा घेतला आणि पहिला घास त्यांच्यासमोर स्वतःच्या तोंडात घातला. हळूहळू चावून बघितला. असा अपमान त्या घरात त्यांचा कधी झाला नव्हता.

"बघ," रंभाबाई म्हणाल्या. "तुजा हक हाय. रोज बघत जा."

हेमलताचा चेहरा ते ऐकून सैल झाला. तिनं वाटी मृण्मयीपुढे ठेवली आणि रंभाबाईंसाठी खुर्ची ओढली. बसताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला, एका हातानं गुडघा धरला, ओठ घट्ट मिटले. पोरगी ते बघत होती. तिनं माझ्यावरचा चेहरा तळव्यानं पुसला आणि खडू आजीच्या हातात दिला.

"तुझा काढ," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"मला काय हुतंय?"

पोरगी खडू पुढे धरूनच राहिली. रंभाबाईंनी तो घेतला. पाटी-पेन्सिल सुटून जन्म गेला होता. त्यांनी वाकडातिकडा गोल काढला, दोन टिंबं दिली, आणि मग जरा थांबून तोंडाची रेघ दोन्ही बाजूंनी खाली ओढली.

"गुडघे का?" हेमलतानं विचारलं. "कधीपासून?"

"लई दिस झालं," रंभाबाई म्हणाल्या. "कुनी इचारलंच न्हाई."

मित्रांनो, सहाणीचं ऐकायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण दुखत असेल तर सांगा, शूर म्हणून गप्प बसू नका. कुणी काही चाटवलं, तर ते काय आहे हे विचारा आणि डॉक्टरांपासून लपवू नका. आणि एखादं माणूस गप्प निजलं असेल तर त्याचं दुखणं संपलं असं धरून चालू नका.

मृण्मयीनं परवा शेवटच्या पायरीवरून पुन्हा उडी मारली. जिन्याचं दार आता विटेनं अडवतात. मी टेबलावरच असते आणि रोज सकाळी माझ्यावर दोन चेहरे निघतात, एक लहान आणि एक वाकडातिकडा. शेजारची बाटली रिकामी झाली आहे. तिला अजून कुणी टाकलेलं नाही, आणि माझी नजर तिच्यावर आहेच.